दोन आटे बाहेर

१

"घे, बघ तुझ्या भावाचं काम," असं म्हणत भावाच्याच हाताखालच्या किट्टुसामीनं पत्र्याचा डबा टेबलावर आपटला. अरुक्काणीच्या दोन्ही हातांत इंजिनाचा जड क्रँक होता म्हणून तो वाचला. एक हात जरी मोकळा असता तरी त्याच्या गालाचं काही खरं नव्हतं.

क्रँकही त्यानंच आणून टाकला होता. मागच्या बाजूला तो निळा-काळा पडला होता आणि बेअरिंगचा पत्रा वितळून त्याला चिकटला होता. अरुक्काणीचा जन्म क्रँक घासण्यात गेला होता. कोईम्बतूरच्या गणपती भागात तिच्याइतकी मोठी ग्राइंडिंग मशीन दुसऱ्या कुणाकडं नव्हती आणि तिच्याइतकं मोठं तोंडही कुणाचं नव्हतं. हा क्रँक तेलावाचून जळालाय हे तिला बघताक्षणी कळलं.

"डब्यात काय आहे?"

"उघड की. आमच्या मालकांनी, नायडू अय्यांनी मुद्दाम पाठवलंय. म्हणाले, बहिणीला तिच्या डोळ्यांनी बघू दे."

डब्यात अंगठ्याएवढा लोखंडी प्लग होता. इंजिनाच्या ब्लॉकच्या पोटातून तेल जायला आरपार भोक पाडलेलं असतं. त्या भोकाचं मागचं तोंड बंद करणारा हा प्लग. त्याच्या आट्यांत पांढरी टेप अडकली होती, घरातल्या नळाला गुंडाळतात ती.

"टेप?" अरुक्काणीचा आवाज चढला. "मरुदाचलम टेप लावेल? अरे, टेपचा तुकडा सुटून तेलात गेला तर इंजिन मरतं, हे त्यानंच तुला शिकवलं ना रे, गाढवा?"

"शिकवलं असेल. म्हातारपणी माणूस विसरतो." किट्टुसामी दारापर्यंत सरकून बोलला. "वेलुमणीची टॅक्सी कोटगिरीच्या घाटात इंजिन जाम होऊन अडकली, मागं गेली, कठड्यावर आदळली. त्याचा पाय बघून ये इस्पितळात, मग ओरड. शुक्रवारी मिस्त्री संघाची बैठक आहे. तुझ्या भावाला हत्यारं घेऊन यायला सांगितलंय."

अरुक्काणीनं क्रँक खाली ठेवला तोवर तो पळाला होता.

हत्यारं घेऊन यायचं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक होतं. ज्याच्या कामामुळं माणूस जायबंदी झाला त्यानं संघासमोर आपली हत्यारं टेबलावर ठेवायची. एकदा ठेवली की उचलायची नाहीत. मग गावात त्याला कुणी स्पार्क प्लग पुसायलासुद्धा उभं करत नाही.

ती तडक घरामागच्या अंगणात गेली. तिचा धाकटा भाऊ मरुदाचलम चिंचेखाली बसून आपले लोखंडी पाने एकेक करून फडक्यानं पुसत होता.

"तंबी, तू टेप लावलीस?"

त्यानं मान वर केली नाही. "लावली असेल, अक्का."

"असेल म्हणजे?"

"मला आठवतंय की नाही लावली. पण प्लगावर टेप आहे. मग माझ्या आठवणीला काय अर्थ?" त्यानं पाना पिशवीत टाकला. "शुक्रवारी ठेवून येतो. तू येऊ नकोस."

२

अरुक्काणीनं त्याच्या पुढ्यातली पिशवी लाथेनं बाजूला सारली.

"रडका कुठला! लोक म्हणाले तू चोर, की लगेच तू हात पुढं करणार. मी विचारते त्याची उत्तरं दे. तो प्लग कधी बसवलास?"

"आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी."

"काय लावून?"

"तांबडी पेस्ट. नेहमीची."

"आणि आत किती घेतलास?"

आता पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत थोडी जान आली. "तो ब्लॉक जुना, अक्का. आधी कुणीतरी मागचे आटे फार खोल कापून ठेवलेत. प्लग पार आत घेतला तर तो मागच्या बेअरिंगच्या तेलाच्या वाटेवरच जाऊन बसतो. म्हणून दोन आटे बाहेर ठेवले. बाहेर दिसला तरी पेस्ट वाळली की थेंब गळत नाही."

"हे कुणाला सांगितलंस?"

"सांगायला होतं कोण? किट्टु पोल्लाचीच्या बसला पळाला होता. पेस्ट वाळायला ठेवली, हत्यारं घेतली आणि तुझ्याकडं आलो."

ते खरं होतं. वडील गेल्यापासून त्याची हत्यारं दर आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, तिच्या दुकानात, वडिलांच्या हत्यारांशेजारी मांडली जात. पूजा तिनंच केली होती.

"आणि अपघातानंतर इंजिन उघडलं तेव्हा?"

"पार आत होता. सपाट." त्याचा आवाज पुन्हा खाली गेला. "दुसरा कुणी त्याला कशाला हात लावेल? मीच घेतला असणार आत. हल्ली मी चष्मा कुठं ठेवला तेही विसरतो."

"चष्मा विसरणं वेगळं आणि हात विसरणं वेगळं!" ती एवढ्या जोरानं ओरडली की शेजारच्या घरातली बाई खिडकीत आली. "तू काय बघतेस? जा, तुझी आमटी बघ!"

दुकानात येऊन तिनं दिवा ओढला, भिंग लावलं आणि सुईनं ती टेप उलगडायला घेतली. टेप निघाली. खाली आट्यांच्या तळाशी, जिथं ब्रशही पोचत नाही, तिथं तांबडी रेघ होती. वाळलेली पेस्ट.

तिनं हातातली सुई टेबलावर फेकली. कुणी एकाच प्लगाला पेस्ट आणि टेप दोन्ही लावत नाही. आधी पेस्ट लावून बसवला होता. मग कुणीतरी तो काढला, वरवर पुसला, टेप गुंडाळली आणि पार आत घेतला. मरुदाचलमच्या नंतर या प्लगाला दुसरा हात लागला होता.

मग तिनं प्लग उलटा केला. डोक्यात ॲलन की घालायचं सहा कोनांचं भोक असतं. त्याच्या तळाशी काहीतरी पिवळट ठासून बसलं होतं. तिनं गरम पाण्याचा थेंब सोडला. पिवळट विरघळलं, त्यात तांबडा कण दिसला आणि एक वास आला.

चंदन. चंदन आणि कुंकू. आणि आणखी कसला तरी गोड, जड वास, कुठंतरी घेतलेला, पण नाव आठवेना.

अरुक्काणी खुर्चीत मागं टेकली. हत्याराच्या टोकाला चंदन-कुंकू वर्षातून एकाच दिवशी असतं. आणि त्या दिवशी पूजा झाल्यापासून दुसऱ्या सकाळपर्यंत या गावात कुणी साधा स्क्रू फिरवत नाही. मरणाची गाडी आली तरी नाही.

"मुरुगा!" ती म्हणाली. "पूजेतलं हत्यार उचललं कुणीतरी."

३

किट्टुसामी चौकातल्या टपरीवर सुंठेची कॉफी पीत होता. अरुक्काणी समोर येऊन बसली तसा त्यानं पेला दोन्ही हातांत घट्ट धरला.

"मारणार असशील तर कॉफी संपू दे."

"पूजेच्या दिवशी कुठं होतास?"

"पोल्लाचीला, सासऱ्याकडं. तुला काय वाटतं, मी केलं? तुझ्या भावाची जागा मला हवी आहे हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी लपवतो का? पण माणसाचा पाय मोडून जागा मिळवायला मी काही राक्षस नाही."

"विजयादशमीला सकाळी पहिलं काम काय केलंस?"

"त्याच इंजिनाला मागून फ्लायव्हील चढवलं. मरुदाचलम उशिरा आला, तोवर प्लग त्या चाकाआड झाकलासुद्धा."

"तेव्हा प्लग कसा होता?"

"सपाट. छान आत. मी म्हटलं, उस्तादांचं काम आहे, काय बघायचं." तो पेल्यात बघत बोलला. "टेपेचं टोक दिसलं होतं. नवल वाटलं. पण मी गप्प बसलो."

"का?"

"कारण तो दरवेळी माझ्या चुका चारचौघांत काढतो. म्हटलं, एकदा त्याचीही निघू दे." आता त्यानं पेला खाली ठेवला. "ते माझं चुकलं. मार हवं तर."

"तुझ्या ॲलन कीनं तो प्लग फिरेल का?"

"कसा फिरेल? माझ्या सगळ्या मिलिमीटरच्या. तो प्लग जुन्या इंचाच्या मापाचा, त्यात माझी की नुसती गोल फिरते. मरुदाचलमनं घासून एक बनवली आहे, ती त्याच्या पिशवीत."

"ती तेव्हा माझ्याकडं पूजेत होती. विभूतीचे तीन पट्टे ओढून."

"मग तू आणि मुरुगन देव दोघं साक्षीदार. संघ दोघांचंही ऐकणार नाही." किट्टुसामीनं डोकं खाजवलं. "इंचाच्या चाव्या आणखी होत्या फक्त थोरल्या नायडूंच्या, मालकांच्या वडिलांच्या, हत्यारांच्या पेटीत. पण थोरले नायडू गेले आणि पेटी त्यांच्या देवघरात आहे. ती कशाला कुणी आणतंय इथं?"

४

वेलुमणीचा पाय दोरीनं वर टांगला होता आणि गुडघ्याखाली लोखंडी सळ्या आरपार गेल्या होत्या. अरुक्काणीनं आणलेली केळी त्यानं हातानं मागं सरकवली.

"त्या घरचं काही नको मला. भावाला सांगा, इथं पाऊल टाकू नकोस म्हणावं. मी त्याच्या हातावर विश्वास ठेवून घाट चढलो."

"शिव्या नंतर दे, आधी सांग. पूजेच्या दिवशी वर्कशॉपात गेला होतास?"

"गेलो होतो. गाडी रिकामी उभी, इंजिन स्टँडवर. म्हटलं, गाडीची नाही तर इंजिनाची तरी पूजा करू. लिंबू ठेवलं, चंदन-कुंकू लावलं."

सगळं इथंच कोसळत होतं. चंदन याचंच असेल तर दुसरा हात कुठला आणि काय कुठलं!

"कुठं लावलंस? मागच्या बाजूला?"

"मागं कशाला लावीन? पुढं लावलं, पंख्याच्या बाजूला. देवाला कुणी पाठीवर गंध लावतं का, अक्का?"

"चंदन कुठलं होतं?"

"पुडीतलं, साधं. का?"

भोकात ठासलेल्या चंदनाला साध्या पुडीचा वास नव्हता. "आणि घाटात तेलाच्या काट्याकडं बघत होतास की नाही?"

वेलुमणी उठून बसायचा प्रयत्न करू लागला, दुखलं तसा ओरडला, आणि तरीही बोलत राहिला. "तुम्हीही तेच विचारा! पोलीस तेच म्हणाले, नायडू अय्या तेच म्हणाले. काटा वर होता! नेहमीपेक्षा वरच होता! तेल कमी पडलं असतं तर काटा पडला असता. मी आंधळा आहे का?"

"नाहीस. काट्याची नळी पुढं आहे, वाट मागं बुजली होती. पुढं दाब दिसणारच." तिनं केळी पुन्हा त्याच्या उशाशी ठेवली. "मला एवढंच सांग, पूजेच्या दिवशी शटर कुणी उघडलं तुझ्यासाठी?"

"नायडू अय्यांनी. मला घाईघाईनं बाहेर काढलं, म्हणाले, आता देवीला एकटं राहू दे. ते स्वतः आतच थांबले."

५

देवराजुलू नायडू म्हणजे वर्कशॉपचे मालक आणि संघाचे अध्यक्ष. पांढरीशुभ्र वेष्टी, कपाळावर ठसठशीत चंदन. व्हरांड्यात त्यांनी अरुक्काणीला आग्रहानं बसवलं, ताक मागवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायला वाकले.

त्यांचं कपाळ जवळ आलं आणि तिला तो वास आला. गोड, जड. जव्वादू! नायडूंच्या घरी चंदन उगाळताना त्यात जव्वादूची महागडी सुगंधी पूड मिसळतात. गावात दुसऱ्या कुणाला ती चैन परवडत नाही आणि सुचतही नाही.

तिनं जीभ चावून धरली. तिच्या आयुष्यात ती क्वचितच गप्प बसली असेल, पण आत्ता बसली.

"अगं अरुक्काणी, मलाही वाईट वाटतं," नायडू म्हणाले. "मरुदाचलम मला मुलासारखा. पण माणूस थकला. मी अध्यक्ष आहे. आपला माणूस म्हणून सोडला तर लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"पूजेच्या दिवशी वर्कशॉपात कुणी आलं होतं का, अय्या?"

"कोण येईल? माझा नियम तुला माहीत आहे. पूजेत ठेवलेल्या हत्याराला बोट लावलं तर त्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी दारात उभा करत नाही. एका पोराला काढला होता मी, नुसता हातोडा सरकवला म्हणून. शटरची चावी दिवसभर माझ्या कमरेला होती."

"म्हणजे बाहेरचा कुणी नाही."

"बाहेरचा कशाला हवा? निष्काळजीपणा घरातलाच." नायडूंनी उसासा टाकला. "पूर्वीचा मरुदाचलम असा होता का? प्लग अर्धा बाहेर लोंबकळत ठेवून, पेस्ट भळभळत सोडून घरी जाणारा? मनच नाही राहिलं त्याचं कामात."

अरुक्काणीनं ताक एका घोटात संपवलं.

"खरं आहे, अय्या," ती म्हणाली. "शुक्रवारी भेटू."

फाटकाबाहेर येईपर्यंत तिनं स्वतःला सांभाळलं. मग भिंतीवर अशी मूठ मारली की बोटांची सालं निघाली. प्लग अर्धा बाहेर! इंजिन उघडलं तेव्हा सगळ्यांनी प्लग सपाट पाहिला होता. बाहेर होता हे मरुदाचलमनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

६

संघाच्या खोलीत टेबलावर स्वच्छ कापड अंथरलं होतं. ते बघूनच अरुक्काणीचं माथं भडकलं. हत्यारं ठेवायची जागा कशी छान तयार करून ठेवली होती! टेबलामागच्या खुर्चीत नायडू बसले होते, आणि मरुदाचलम त्यांच्यासमोर पिशवी छातीशी धरून उभा होता.

"ठेव बाबा," नायडू मऊ आवाजात म्हणाले.

"खबरदार ठेवलीस तर!" अरुक्काणी मागून कडाडली. "हात तोडीन."

"अरुक्काणी, ही संघाची बैठक आहे. तुझं दुकान नव्हे."

"माझ्या दुकानात खोटं खपत नाही, म्हणून इथं आले." तिनं कापडावर प्लग ठेवला. "टेपेखालची तांबडी रेघ बघा सगळ्यांनी. आधी पेस्ट, नंतर टेप. माझ्या भावानं बसवलेला प्लग कुणीतरी काढून पुन्हा बसवला. पटतंय?"

भिंग हातोहात फिरलं. सगळ्यांत वयस्कर मिस्त्री पोन्नय्यांनी ते दोनदा लावून बघितलं. "पेस्ट आहे खरी," ते म्हणाले.

"आता भोक. आत काय आहे? चंदन. हत्याराच्या टोकावरून आत ठासलं गेलेलं. म्हणजे हे काम पूजेच्या दिवशी झालं, पूजेतल्या हत्यारानं."

खोलीत एकदम कालवा उठला. पाय मोडल्याच्या गोष्टीवर जे लोक मान हलवत बसले होते, ते या गोष्टीवर ताडकन उठून उभे राहिले. अरुक्काणीला त्याचाही राग आला, पण तो तिनं पुढच्यासाठी राखून ठेवला.

"कुणी?" पोन्नय्या गरजले. "पूजेतलं हत्यार कुणी उचललं?"

"किट्टु, तुझी की लाव."

किट्टुसामीनं की घातली. ती भोकात गोल गोल फिरली. आणखी दोघांनी आपापली लावून बघितली. तेच.

"इंचाच्या मापाच्या चाव्या दोन. एक माझ्या भावाची. ती माझ्या दुकानात पूजेत होती, तुम्हाला बहिणीवर विश्वास नसेल तर नको ठेवू. पण आमच्या घरी हत्याराला विभूती लावतात आणि पुडीतलं साधं चंदन." तिनं थर्मासमधल्या गरम पाण्याचा थेंब भोकात सोडला आणि प्लग पोन्नय्यांच्या नाकाखाली धरला. "वास घ्या, अय्या. कुणाच्या घरचं चंदन हे?"

पोन्नय्यांनी वास घेतला. मग ते वळून नायडूंच्या कपाळाकडं बघत राहिले.

"वासावरून माणूस ठरवायला लागलात?" नायडू हसले. "वेलुमणीनंही त्या इंजिनाला चंदन लावलं होतं."

"पुढं लावलं होतं, पुडीतलं लावलं होतं. पण तो आला होता हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणायचं! मला तर म्हणालात, कोण येईल? आणि शटरची चावी दिवसभर तुमच्या कमरेला होती."

"मी मालक आहे. चावी माझ्याकडंच असणार."

"थोरल्या नायडूंची पेटीही तुमच्याकडंच असते ना? दुसरी इंचाची की तिच्यात आहे. पूजेनंतर ती पेटी देवीशेजारी ठेवायला घेऊन आलात की नाही?"

"वडिलांच्या पेटीचं नाव काढायचं नाही इथं!"

"बरं. पेटी राहू दे. एकच सांगा." तिनं दोन्ही हात टेबलावर टेकले. "माझा भाऊ प्लग अर्धा बाहेर ठेवून गेला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायचं? सगळ्यांना—" नायडू थांबले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"मी तर सपाट बघितला," किट्टुसामी म्हणाला. "फ्लायव्हील चढवताना. बाहेर होता हे आत्ताच ऐकतोय."

सगळे मरुदाचलमकडं वळले.

"मी कुणाला बोललो नाही," तो हळू म्हणाला. "अक्काला सोडून."

नायडूंचा चेहरा तांबडा झाला आणि मग त्यांचा तोल सुटला. "होता बाहेर! दोन आटे बाहेर होता, पेस्ट ओघळत होती! कुणालाही वाटेल ढिला राहिलाय. विहिरीच्या मोटारीसाठी टेप आणली होती, पेटीत पडली होती. मी नीट घट्ट केला, त्यात काय गुन्हा केला? तुझ्या भावाची अर्धवट कामं मी निस्तरायची आणि वर—"

"ढिला नव्हता तो!" अरुक्काणीनं टेबलावर थाप मारली तसा प्लग उडाला. "दोन आटे मोजून बाहेर ठेवले होते. न कळता हात लावलात, ठीक आहे, चूक कुणाचीही होते. त्याचा मला राग नाही. पण इंजिन उघडलं, टेप दिसली, तेव्हा तुम्हाला कळलं ना कुणाची टेप? त्या क्षणी कळलं ना? तरी तो प्लग डब्यात घालून माझ्याकडं पाठवलात! बहिणीला डोळ्यांनी बघू दे म्हणून! तुमची लाज झाकायला माझ्या भावाचे हात तोडायला निघालात!"

नायडूंनी खाली बघितलं. "हातोडा सरकवला म्हणून त्या पोराला काढला होता मी," ते पुटपुटले. "आता कुठल्या तोंडानं सांगणार होतो की पूजेतली की मीच उचलली?"

७

आणि मग जे व्हायचं तेच सुरू झालं. पंखा मोठा केला, नायडूंना पाणी दिलं. कुणी म्हणालं, वयानं मोठे आहेत. कुणी म्हणालं, सणाचा दिवस, वेळच वाईट होती. कुणी म्हणालं, मरुदाचलमला उद्यापासून कामावर बोलवा आणि विषय मिटवा. अरुक्काणीला ठाऊक होतं, तिचा भाऊ आता हात जोडणार. जन्मभर त्यानं तेच केलं होतं.

"उठा," मरुदाचलम म्हणाला.

नायडूंना वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणाला.

"तुम्हीच, अय्या. उठा. इस्पितळात जायचं आहे."

"इस्पितळाचा सगळा खर्च मी—"

"खर्चाचं तुमचं तुम्ही बघा. वेलुमणीला मी अजून तोंड दाखवलेलं नाही. त्याच्या पायाचा विचार करून मी इतके दिवस जेवलेलो नाही. स्वतःच्या हातांकडं बघवत नव्हतं मला. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही रोज माझ्यासमोरून जात होतात. उठा!"

त्याचा आवाज असा कधी चढला नव्हता. नायडू उठले. कुणी मध्ये आलं नाही.

इस्पितळात वेलुमणीनं मरुदाचलमला दारात बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. अरुक्काणी काही बोलायला पुढं झाली, पण भावानं तिला हातानं मागं सारलं. त्यानं नायडूंना खाटेजवळ उभं केलं आणि स्वतः बाजूला झाला.

नायडूंनी घसा साफ केला. "वेलुमणी, बाबा, त्याचं असं झालं, की पूजेच्या दिवशी तो प्लग जरा—"

"झालं नाही," मरुदाचलम म्हणाला.

नायडू गोंधळून त्याच्याकडं बघू लागले.

"झालं म्हणू नका. केलं म्हणा. कुणी केलं तेही म्हणा."

वेलुमणीनं हळूहळू मान वळवली. शेजारच्या खाटेवरचा माणूसही उठून बसला होता. नायडूंनी वेष्टीचं टोक मुठीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

"मी केलं," ते म्हणाले. "मरुदाचलमनं नाही. मी केलं."

वेलुमणीचे डोळे भरून आले आणि त्यानं ओठ घट्ट दाबून धरले. मरुदाचलमनं भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि त्याच्या पायाशी जाऊन बसला. नायडू उभेच होते. त्यांना बसा म्हणायचं कुणाच्याही मनात आलं नाही.